आधी पाय, मग हात : ऑर्गनसाठी प्रिल्यूड आणि फ्यूग कसा लिहावा, कसा वाजवावा

ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो. त्यात पाय भाता हलवतात आणि सूर फक्त हातांनी वाजतात. चर्चमधल्या पाइप ऑर्गनवर हवा वेगळ्या यंत्रणेने भरली जाते आणि पायांखाली स्वतंत्र कीबोर्ड असतो. आजच्या वाद्यांवर त्यात बहुधा 30 किंवा 32 पेडल असतात. फ्यूग म्हणजे एकाच छोट्या सुरावटीवर, म्हणजे थीमवर, अनेक आवाजांनी एकामागून एक येऊन उभी केलेली रचना, आणि प्रिल्यूड म्हणजे त्याच्याआधी वाजणारा मोकळा भाग. ही जोडी लिहिताना पायांच्या कीबोर्डचा हा एक फरक सगळ्यात आधी डोक्यात पक्का करावा लागतो. पियानोवाले लोक हातांसाठी संगीत रचतात, मग खालचा आवाज पेडलला देऊन टाकतात. ते कागदावर ठीक दिसतं, पण बेंचवर बसलं की पाय अडकतात. म्हणून या लेखात प्रत्येक निर्णय पायांपासून सुरू होतो.

तुम्हाला स्टाफ नोटेशन वाचता येतं, चार आवाजांची साधी हार्मनी लिहिता येते आणि कीबोर्डवर हात बसलेला आहे, असं धरून चालतो. काउंटरपॉइंटचा, म्हणजे स्वतंत्र सुरावटी एकत्र चालवण्याचा, सराव नसेल तर तो आधी करा. 1725 मध्ये व्हिएन्नात संगीतकार फुक्सने लॅटिनमध्ये काढलेल्या पुस्तकातली एका सुरासमोर एक, मग दोन, मग चार सूर अशी पायऱ्यांची पद्धत आजही शिकवतात. दोन आवाजांत सगळ्या पायऱ्या चढून झाल्याशिवाय फ्यूगला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काय ऐकायचं, काय वाचायचं

लिहिण्याआधी जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखचे निदान तीन फ्यूग पेन्सिल घेऊन वाचा. जी मायनरचा छोटा फ्यूग, बीडब्ल्यूव्ही 578 (हा बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), यापासून सुरुवात करावी. त्यात चार आवाज वरून खाली एकामागून एक येतात आणि शेवटचा प्रवेश पेडलवर होतो, त्यामुळे रचना डोळ्यांना लगेच दिसते. मग सी मेजरची जोडी, बीडब्ल्यूव्ही 545. तिसरी ए मायनरची, बीडब्ल्यूव्ही 543. तिच्या प्रिल्यूडमध्ये हातांनी सुरू केलेली आकृती पुढे पेडलवर एकटी येते. हात आणि पाय एकाच भाषेत कसे बोलतात, ते तिथे नीट कळतं. ‘आठ छोटे प्रिल्यूड आणि फ्यूग’, बीडब्ल्यूव्ही 553 ते 560, वाजवायला सोपे आहेत. ते बाखचेच की त्याच्या वर्तुळातल्या दुसऱ्या कोणाचे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नमुना म्हणून मात्र ते उत्तम. बाखनंतरचं काही हवं असेल तर मेंडेल्सझोनचे 1837 चे तीन प्रिल्यूड आणि फ्यूग, ओपस 37, बघा.

थीम : सगळा वेळ इथे घालवा

फ्यूगची थीम म्हणजे दीड-दोन बारची एकटी ओळ. पुढची पन्नास बार तिच्यावरच उभी राहतात, म्हणून तिला जितका वेळ द्याल तितका कमीच. चांगल्या थीमची सुरुवात लगेच ओळखू यावी, म्हणजे ती मधल्या आवाजात शिरली तरी कानाला सापडेल. तिचा पल्ला सप्तकाच्या आत असावा. त्यात दोन वेगळ्या चाली असाव्यात, एक थांबणारी आणि एक धावणारी. आणि ती पायांनी वाजली पाहिजे.

उदाहरणासाठी डी मायनरमध्ये एक साधी थीम घेऊ. ताल चारचा.

पहिला बार : डी, ए (दोन्ही क्रॉचेट), मग बी फ्लॅट, ए, जी, एफ (चारही क्वेव्हर).
दुसरा बार : ई, सी शार्प, डी, ई (चारही क्रॉचेट).
तिसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेवर : एफ.

आता ती पेडलवर टाका. बाखच्या काळातलं वादन मुख्यतः पायांच्या पुढच्या भागाने, डावा-उजवा आलटून-पालटून होत असे. इथे डी डाव्याने, ए उजव्याने. बी फ्लॅटही उजव्यानेच घ्यावा लागतो, कारण तिथून खाली येताना डावा-उजवा क्रम बसतो : बी फ्लॅट उजवा, ए डावा, जी उजवा, एफ डावा, ई उजवा, सी शार्प डावा, डी उजवा, ई डावा, एफ उजवा. ए आणि बी फ्लॅट एकाच पायाने, म्हणजे ए किंचित आधी सोडावा लागणार. ए क्रॉचेट असल्यामुळे तेवढी फट सहज मिळते, शिवाय तिसऱ्या मात्रेला तिने उठाव येतो. तोच सूर सेमीक्वेव्हर असता तर थीम बदलावी लागली असती.

पल्लाही तपासा. थीम पेडलच्या अगदी तळच्या सप्तकात लिहिली तर सगळ्यात खालचा सी शार्प लागतो. जुन्या अनेक ऑर्गनांत हा सूर नसतोच, कारण सगळ्यात मोठ्या पाइपांपैकी एकाचा खर्च वाचावा म्हणून तो गाळत असत. एक सप्तक वर लिहा, तक्रार मिटते. बाखच्या काळचे पेडलबोर्ड साधारण 26-27 सुरांचे, मधल्या सी च्या वरच्या डी पर्यंत जाणारे. त्या मर्यादेत राहिलात तर तुमची रचना जवळपास कुठल्याही वाद्यावर वाजेल.

उत्तर

थीम एकट्या आवाजात संपली की दुसरा आवाज तीच थीम पाचव्या सुरावरून म्हणतो. त्याला उत्तर म्हणतात. सगळं जसंच्या तसं वर सरकवलं तर आपल्या थीमचं उत्तर ए, ई, एफ, ई, डी, सी असं येईल. पण डी मायनर अजून कानात बसतंय तोवर ई सूर ठळकपणे आला की पाया हलतो. त्यामुळे थीमच्या तोंडाशी पाचवा सूर ठळक असेल तर त्याला उत्तरात मूळ सूर द्यायचा, ही जुनी रीत आहे. डी-ए ला उत्तर ए-डी. बाकीची ओळ तशीच :

ए, डी, एफ, ई, डी, सी, बी, जी शार्प, ए, बी, सी.

थीममध्ये दुसऱ्या सुरावरून तिसऱ्यावर एका पायरीची चाल होती, उत्तरात ती थर्डची उडी झाली. बिघडत नाही, पुढची ओळ ओळखीची असल्यामुळे कान ते स्वीकारतो. पेडलसाठी पुन्हा हिशेब करा : डी आणि एफ दोन्ही उजव्या पायाने, मध्ये तीच छोटी फट.

चार आवाज क्रमाने आले तर चौथा प्रवेश उत्तराचा असतो. म्हणजे पेडल शेवटी आणायचं ठरवलंत तर पायांना थीम नाही, उत्तर मिळतं. हे आधीच लक्षात ठेवा. पेडलवर मूळ थीमच हवी असेल तर त्याला तिसरा प्रवेश द्या.

काउंटरसब्जेक्ट

पहिला आवाज थीम संपवून गप्प बसत नाही. उत्तर चालू असताना तो जे म्हणतो तेच पुढे थीमबरोबर पुन्हा पुन्हा आणायचं असेल, तर ती ओळ, म्हणजे काउंटरसब्जेक्ट, थीमच्या वरही चालली पाहिजे आणि खालीही. इथे एकच हिशेब पाठ करा : वरचा-खालचा आवाज उलटला की थर्डचा सिक्स्थ होतो, सिक्स्थचा थर्ड, आणि फिफ्थचा फोर्थ. बाससोबतचा फोर्थ या शैलीत बेसूर धरतात. म्हणून मजबूत मात्रांवर थर्ड आणि सिक्स्थ ठेवा, फिफ्थ टाळा. उत्तराच्या दुसऱ्या बारच्या सुरुवातीला बी आहे. त्याखाली ई ठेवलात तर आज छान वाटेल, पण ओळी उलटल्या की तिथे उघडा फोर्थ येईल. डी ठेवा. सिक्स्थ उलटून थर्ड होईल, वाक्य दोन्हीकडे चालेल.

लयीची गोष्ट याहून महत्त्वाची. थीम धावते तिथे काउंटरसब्जेक्टने थांबावं, थीम चालते तिथे त्याने धावावं. आपल्या उदाहरणात पहिल्या बारच्या उत्तरार्धात क्वेव्हर आहेत, तिथे लांब सूर द्या. दुसऱ्या बारमध्ये सगळे क्रॉचेट आहेत, तिथे क्वेव्हर चालू करा. दोन्ही ओळी एकदम धावल्या तर दगडी चर्चच्या घुमाऱ्यात नुसता गोंगाट उरतो.

मांडणी

पहिल्या उत्तरानंतर तुम्ही ए मायनरमध्ये असता. तिसऱ्या आवाजाला डी मायनर हवा. मध्ये एक बारचा पूल बांधा आणि त्यात सी चा सी शार्प करा, घर सापडतं. मग तिसरा आवाज, चौथा आवाज. इथवर प्रास्ताविक विभाग संपला. आपल्या थीमवर तो नऊ-दहा बारांत होतो.

पुढे थीम विश्रांती घेते आणि तिच्या तुकड्यांवर खेळ चालतो. बी फ्लॅट-ए-जी-एफ ही चार क्वेव्हरची उतरण उचला आणि डी, जी, सी, एफ अशा सुरांवरून फिफ्थच्या उतरणीने खाली न्या. पोचता ते एफ मेजरमध्ये, म्हणजे थीमच्या नव्या प्रवेशासाठी दार उघडंच. मेजरमध्ये ती अशी होते : एफ, सी, डी, सी, बी फ्लॅट, ए, जी, ई, एफ, जी, ए. या खेळाच्या भागांत पेडल बंद ठेवा. याची दोन कारणं. पाय गप्प असले की त्यांचा पुढचा प्रवेश घटना वाटते. आणि वाजवणाऱ्याला दोन्ही हात दुसऱ्या मॅन्युअलवर, म्हणजे हातांच्या दुसऱ्या कीबोर्डवर, नेता येतात.

एफ मेजरनंतर जी मायनर, मग घरी. पन्नास-साठ बारच्या पहिल्या फ्यूगला एवढा प्रवास पुरे. बी मेजरला जाऊन येण्याची हौस नंतर. जुन्या पद्धतीने सूर लावलेल्या ऑर्गनवर दूरचे स्केल कर्कशच वाजतात.

शेवटाजवळ थीम स्वतःवरच चढवायची, म्हणजे एक आवाज संपायच्या आत दुसऱ्याने सुरू करायचं. त्याला स्ट्रेटो म्हणतात. हे जमेल की नाही, ते थीम पक्की करण्याआधी तपासायचं असतं. आपल्या थीमचं खरं सांगतो : ती जवळच्या स्ट्रेटोला दाद देत नाही. एका बारनंतर दुसरा आवाज आणला तर ई वर डी आदळतो. दोन मात्रांनी आणला तर लागोपाठ टक्करी. दीड बारनंतर, म्हणजे सहा क्रॉचेट उलटल्यावर मात्र बसते : डी वर डी, ई वर ए, एफ वर बी फ्लॅट. त्यातही नवा आवाज वरच ठेवा. खाली ठेवलात तर ए-ई आणि बी फ्लॅट-एफ असे लागोपाठ दोन फिफ्थ होतात, आणि या शैलीत ते चालत नाहीत. वर ठेवल्यावर दोन फोर्थ उरतात. त्यांच्या खाली बासमध्ये सी शार्प आणि डी दिले की ते झाकले जातात. घट्ट स्ट्रेटो हवाच असेल तर थीम बदला. ती दुरुस्ती कागदावर पाच मिनिटांची असते, फ्यूग अर्धा झाल्यावर आठवड्याची.

शेवटी पेडलवर ए लांब धरा, वर आवाज दाटू द्या, मग डी. डी मायनरच्या शेवटच्या कॉर्डमध्ये एफ ऐवजी एफ शार्प देण्याची जुनी सवय मला आवडते, पण ती सक्ती नाही.

प्रिल्यूड नंतर लिहा

वाजतो आधी, लिहावा नंतर. फ्यूगचा ताण किती आहे, ते कळल्यावरच त्याच्यापुढे काय ठेवायचं ते ठरतं. 1705 मध्ये आर्नश्टाटचा तरुण ऑर्गनिस्ट बाख सुमारे चारशे किलोमीटर पायी चालून ल्यूबेकला तिथला ऑर्गनिस्ट बुक्स्टेहुडे याला ऐकायला गेला. बुक्स्टेहुडेच्या मोठ्या रचनांत मोकळे आणि फ्यूगसारखे भाग एकाच सलग कृतीत आलटून-पालटून येतात. दोन वेगळ्या भागांची जोडी हे रूप बाखच्या हातून घट्ट झालं. पण प्रिल्यूडचा स्वभाव त्या मोकळ्या भागांचाच राहिला, जणू वाजवणारा वाद्य तपासून पाहतो आहे.

स्केल एकच ठेवा, थीम एक असण्याची गरज नाही. तीस-चाळीस बारचा साधा आराखडा असा : पेडलवर डी धरून ठेवा आणि वर हातांनी एकच आकृती फिरवत डी मायनर, जी मायनर, सी शार्पवरचा डिमिनिश्ड कॉर्ड, पुन्हा डी मायनर असे कॉर्ड बदला. मग हात थांबवून तीच आकृती पायांना एकटी द्या. मग सगळे मिळून ए वर या, थोडं थांबा, आणि डी वर उतरा. फ्यूगची थीम डी-ए अशी उडी घेऊन सुरू होत असेल तर प्रिल्यूडच्या शेवटच्या बारमध्ये ती उडी वरच्या आवाजात ठळक करू नका. फ्यूग सुरू होताना ती नवी वाटली पाहिजे.

लेखन तीन ओळींच्या स्टाफवर करा : वर दोन हात, खाली पेडल. पेडलला 16 फुटांचा स्टॉप, म्हणजे पाइपांचा एक संच, लावला की लिहिल्यापेक्षा एक सप्तक खालून ऐकू येतं, हे संगणकावर ऐकताना विसरायला होतं. म्यूझस्कोर फुकट आहे आणि पुरेसा आहे. तीन आवाज दोन हातांत बसवताना सोप्रानो आणि आल्टो यांच्यात सप्तकाहून जास्त अंतर पडू देऊ नका. पडलंच तर आल्टो डाव्या हाताच्या आवाक्यात आहे ना, ते बघा.

वाद्य नसताना सराव

महाराष्ट्रात पाइप ऑर्गन मोजक्या चर्चमध्ये आहेत. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये एक आहे. रोजच्या सरावासाठी ते मिळणं अवघड. घरी दोन मार्ग आहेत. एक, संगणकावर ग्रँडऑर्ग हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेला मिडी पेडलबोर्ड. दुसरा, पेडलची ओळ दुसऱ्या कोणाला कीबोर्डवर किंवा चेलोवर वाजवायला देणं. नाटकाचा ऑर्गन घरी असेल तर त्यावर फ्यूगचे वरचे तीन आवाज उत्तम बसतात, फक्त पाय भात्यात गुंतलेले असतात.

सरावाचा क्रम बदलू नका. आधी प्रत्येक आवाज एकटा, ज्या बोटांनी शेवटी वाजवायचा त्याच बोटांनी. मग जोड्या. सगळ्यात अवघड जोडी डावा हात आणि पेडल, कारण कान दोन्हींना बास समजतो आणि डावा हात पायांच्या मागे ओढला जातो. तिला इतर सगळ्या जोड्यांहून जास्त वेळ द्या. मग तीन आवाज वाजवा आणि चौथा गा. गाता आला नाही तर तो आवाज तुम्हाला अजून ऐकू येत नाही. बूट पातळ तळव्याचे, चामड्याचे, अरुंद. रबरी तळवा पेडलवर अडकतो. बेंचची उंची अशी, की मांडी न उचलता पाऊल पेडलवर टेकेल.

चर्चमध्ये

ऑर्गनवर की जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही. उठाव द्यायचा तर शांततेने द्यायचा : मजबूत मात्रेच्या आधीचा सूर किंचित लवकर सोडा. आपल्या थीममध्ये बी फ्लॅटच्या आधी आणि दुसऱ्या बारच्या ई च्या आधी. पायांना जिथे फट लागते तिथेच हातांनीही ती ठेवा, म्हणजे थीम कोणत्याही आवाजात आली तरी सारखीच ऐकू येईल.

स्टॉप निवडताना प्रिल्यूडसाठी मुख्य मॅन्युअलवर प्रिन्सिपल 8, ऑक्टेव्ह 4, सुपरऑक्टेव्ह 2 (आकडे फुटांचे) आणि मिक्श्चर, म्हणजे एका सुराला अनेक उंच पाइप एकदम वाजवणारा स्टॉप. पेडलवर 16, 8, 4, आणि असेल तर पोझाउने 16. फ्यूगसाठी मिक्श्चर काढून बघा. चारही आवाज नीट सुटे होत असतील तर तसंच ठेवा. फ्यूगच्या मध्येच दर चार बारांनी रंग बदलण्याचा मोह आवरा. पेडल बंद असलेल्या भागात दुसऱ्या मॅन्युअलवर जा आणि पेडल परत येताना मुख्य मॅन्युअलवर या, एवढंच पुरे.

वेग हॉल ठरवतो. घरी क्रॉचेट 76 ने बसवलेला फ्यूग घुमाऱ्याच्या चर्चमध्ये 66 वर आणावा लागतो. रिकाम्या चर्चमध्ये तालीम केली असेल तर लक्षात ठेवा, माणसं भरली की घुमारा कमी होतो. एखाद्या मित्राला मागच्या बाकावर बसवून फक्त एक प्रश्न विचारा : आल्टोतला प्रवेश ऐकू आला का? पाइप कन्सोलपासून, म्हणजे वादकाच्या कीबोर्डांपासून, दूर असतील तर सूर उशिरा कानावर येतो. अशा वेळी ऐकून ताल धरू नका, बोटांच्या हालचालीवर धरा.

स्टॉप ओढायला आणि पान उलटायला एक माणूस शेजारी लागतो. त्याच्यासाठी स्कोअरवर लाल पेन्सिलीने, बदलाच्या दोन बार आधी, स्टॉपचं नाव आणि ‘ओढा’ किंवा ‘सोडा’ एवढंच लिहा. पानं अशी जोडा, की पेडलच्या प्रवेशावर पान उलटावं लागणार नाही.